डिझेल ट्रकची सकाळ आणि मुक्काम

डिझेल ट्रकचे इंजिन सकाळी सुरू केल्यावर गाडी लगेच न हलवता ते काही वेळ जागेवरच चालू ठेवण्याची, म्हणजे गाडी तापवण्याची, प्रथा मालवाहतुकीच्या व्यवसायात सर्वत्र आढळते. मात्र या एका क्रियेत तीन निरनिराळ्या गरजा एकवटलेल्या असून प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा असतो, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते. पुढील विवेचन प्रस्तुत लेखकाला कळंबोली परिसरात ट्रकांच्या देखभालीचे काम पाहताना आलेल्या अनुभवावर आधारलेले आहे.

पहिली गरज वंगणाची. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातील ऑइल खालच्या चेंबरमध्ये उतरलेले असते आणि सेल्फ मारल्यानंतर पंप ते पुन्हा वर चढवतो. या वाटेत टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा, याला ऑइल उशिरा पोहोचते. म्हणून सुरू होताच रेस देणे अपायकारक ठरते. परंतु ऑइलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांतच विझतो आणि त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटात ही गरज भागते.

दुसरी गरज उष्णतेची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या भागाइतकी दाबली गेल्यामुळे तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सिलिंडर गार असेल तर त्यातील काही डिझेल न जळता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते, आणि काही भिंतींवरून ओघळत ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. गंमत अशी की मिनिटाला 600-700 फेऱ्यांच्या मंद गतीने, म्हणजे आयडलिंगवर, भारच नसल्याने इंजिन फारसे तापत नाही. ते खऱ्या अर्थाने तापते गाडी हलक्या हाताने चालवू लागल्यावर. थंडीची सबबही इथे चालत नाही: 2019 साली इंडियन ऑइलला उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल लडाखसाठी बाजारात आणावे लागले, तशी थंडी निफाडच्या द्राक्षपट्ट्यातही पडत नाही, मग कळंबोलीची काय कथा!

तिसरी गरज हवेची, आणि सकाळच्या प्रतीक्षेचे खरे कारण बहुधा हेच असते. ट्रकचे ब्रेक दाबाखालील हवेवर चालतात, रात्रीतून टाक्यांची हवा थोडीथोडी गळते आणि ती पुरेशी भरून कमी दाबाचा इशारा देणारा बझर बंद होईपर्यंत गाडी हलवणे धोक्याचे असते. ज्या गाडीला ‘हवा बनायला’ फार वेळ लागतो, तिच्या पाइपांत गळती शोधणे हा उपाय होय. कळंबोलीच्या यार्डात मात्र अशा गाड्या अर्धा-अर्धा तास धुरत उभ्या असत आणि त्यालाच काळजी म्हटले जाई.

याउलट मुक्कामाला पोहोचल्यावर चावी फिरवून इंजिन बंद करण्याची जी घाई होते, तिचे परिणाम मिस्त्रीच्या टेबलावर दिसत. कसारा घाट भरल्या गाडीने चढताना टर्बोमध्ये येणाऱ्या धुराचे तापमान 600 अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, आणि मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणारा टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाटमाथ्यावरच्या ढाब्यापाशी थांबताच इंजिन बंद केले, तर पंपाबरोबर ऑइलचा प्रवाहही थांबतो, तापलेल्या आवरणाची धग दांड्याकडे येते आणि अडकलेले ऑइल जळून त्याचा कठीण कोळसा होतो. उघडलेल्या टर्बोच्या दांड्यावरील असा काळा थर पान्याच्या टोकाने खरवडूनही निघत नसे. बंद करण्यापूर्वी एकदा जोराची रेस देण्याची काही चालकांची लकब त्याहून वाईट, कारण त्यामुळे वेगात फिरणारा दांडा ऑइलविना सोडला जातो. एका वयस्क चालकाने मात्र यावर स्वतःचे माप ठरवले होते: ‘तू चहा सांगून ये, मग बंद करतो,’ असे ते क्लीनरला म्हणत, आणि तेवढी दोन-तीन मिनिटे पुरत. सपाट रस्त्याने किंवा यार्डात हळूहळू येऊन थांबलेल्या गाडीला तेवढ्याचीही गरज नसते, कारण शेवटच्या संथ धावेत टर्बो निवलेला असतो.

एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांनी या हिशेबात भर घातली. धुरातील काजळी अडवणारी जाळी स्वच्छ होण्यासाठी धूर पुरेसा गरम असावा लागतो, त्यामुळे दीर्घ आयडलिंग या गाड्यांना अधिक बाधते. शिवाय चावी बंद केल्यावर धुरात युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा नळ्यांतील द्रावण मागे ओढून घेते, म्हणून बॅटरीचा मुख्य स्विच लगेच तोडू नये.

मोठ्या ट्रकचे इंजिन आयडलिंगवर तासाला साधारण दोन ते तीन लिटर डिझेल खाते, म्हणजे घाटमाथ्यावरच्या तीन मिनिटांचा खर्च फार तर शंभर-दीडशे मिलिलिटर होतो, तर सकाळच्या अर्ध्या तासाचा एक-दीड लिटर. ॲव्हरेज कमी पडले म्हणून चालकाच्या पगारातून पैसे कापणाऱ्या मालकांनी सकाळच्या धुराबद्दल जरूर जाब विचारावा, पण मुक्कामाची ती तीन मिनिटे हिशेबात मंजूर धरावीत.