रद्दीच्या काट्यावर

नव्या पेठेत परवा रद्दीवाल्याच्या काट्यावर वह्यांचा गठ्ठा पाहिला. वरच्या वहीत कृष्णेचा नकाशा. नदी निळ्या शाईत, कोयना-वारणा-पंचगंगा हिरव्या, धरणांच्या जागी लाल ठिपके. रेघ कुठेही अडखळलेली नाही. शेजारी उभ्या मुलाने चार वर्षं एमपीएससी केली होती. "गेली ती वर्षं," एवढंच म्हणाला. मला तेव्हा काही सुचलं नाही. घरी येऊन माझी लिहायची वही उघडली.

*

धुंडिराज गोविंद फाळके यांची चाळिशीपर्यंतची वाट बघा. जे. जे.मध्ये चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेलं. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन. छपाईचा धंदा, त्यासाठी 1909 साली जर्मनीची वारी, मग भागीदारांशी बिनसून तोही सुटला. मधे जादूचे प्रयोग, 'प्रोफेसर केळफा' या नावाने: आपलंच आडनाव उलटं करून. आजच्या मुलाखतीत असा अर्ज आला तर 'टिकत नाही हा कुठे' असा शेरा बसेल.

आणि 1913 चा त्यांचा चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' घ्या. कॅमेरा फोटोग्राफरचा, पडदे चित्रकाराचे, फिल्म धुण्यातली रसायनं छापखान्यात हाताळलेली, चमत्कार दाखवायची नजर जादूगाराची. सुटलेला एकही धंदा वाया गेला नव्हता.

*

भांडवल उभं करायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली. ज्याला पटवायचं त्याच्यासमोर छोटं का होईना, पुरं झालेलं काम ठेवलं. करिअरवर बोलायला मला कुणी बोलावलं, तर मी फक्त ही कुंडी सांगेन.

*

फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंना विसरून हे लिहिता येणार नाही. दागिने त्यांचे गेले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, कोऱ्या फिल्मला अंधारात भोकंही त्यांनी पाडली. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी मला म्हणूनच अपुऱ्या वाटतात.

*

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही सुटलेलं काही वाया गेलं नाही. चित्रकार व्हायला मुंबईला गेले आणि रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. चित्रकला सुटली, पण रेघेला रंग लागत नाही. ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. तेच शिकवण्याची नोकरी मिळाली, बढतीत डावललं गेलं, बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत, तरी नांगर करत राहिले. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

*

माझं आयुष्य आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात गेलं. पहिले काही आठवडे मुलांच्या हातात फक्त कानस आणि लोखंडाचा तुकडा. घासायचा, गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा. केसाएवढी फट दिसली की पुन्हा घासायचा. मुलं कंटाळतात, कारण पुढे कारखान्यात कानस फारशी लागत नाही. पण सीएनसीवरच्या जॉबमधली चूक मोजायच्या आधी ज्याला दिसते, तो बहुतेक वेळा हीच फट बघत बसलेला असतो.

अर्धवट शिकलेलं मात्र पुढच्या कामात येत नाही. फाळके प्रत्येक धंद्यात तळापर्यंत गेले होते. सोडायला हरकत नाही. कच्चं सोडू नये.

*

त्या मुलाला आता सांगतो, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना. महसूल कायदा तुला ठाऊक आहे, पानभर शुद्ध मराठी तू लिहू शकतोस, न कंटाळता आठ तास बसू शकतोस. नकाशा तर असा काढतोस की मी रस्त्यात थांबलो. परीक्षा सोडायची तर खुशाल सोड. वह्या तेवढ्या घरी घेऊन जा.