तलावातून समुद्राकडे

सुट्टीत कोल्हापूर-सांगलीकडील कुटुंबे देवगड-कुणकेश्वरला येतात. मूल शहरातील जलतरण तलावात सफाईने पोहत असते, म्हणून पालक निर्धास्त असतात. धोका तेथेच असतो.

तलावात पाणी स्थिर असते आणि थकल्यावर धरायला भिंत असते. समुद्रात भिंत नाही, शिवाय सुमारे सहा तासांनी भरतीची ओहोटी होते. फुटणाऱ्या लाटांमधील शांत भासणारा पट्टा पुष्कळदा आत ओढणाऱ्या प्रवाहाचा असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर यावे. दमल्यास तरंगत राहून हात उंचावावा. हे तरंगणे मुलाकडून आधी तलावातच घोटून घ्यावे.

नव्या पेठेत पहिला व्यवहार लहान करावा, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथेही तसेच. जागा व वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारावी. पहिल्या दिवशी मुलाच्या कमरेइतकेच पाणी असावे आणि पोहता येणारी मोठी व्यक्ती खोल बाजूस उभी राहावी. मूल बिचकले तर हसू नये. ती भीती शहाणी असते.

चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे ही मुनींची ईर्यासमिती. गृहस्थाने तिचा अंश लाटेपुढेही पाळावा.