गाळणे आणि अडवणे

आमच्या गोमंतकातील जुन्या घरांत वारा हा पाहुणा नसे. तो घरचाच माणूस असे. राजांगणातून तो आत शिरावा, ओसरीवर घटकाभर रेंगाळावा आणि माजघरातून मागील दाराने माडांच्या बागेत निघून जावा, असा त्याचा नित्याचा क्रम. अशा घरात वाढलेल्या आम्हां मंडळींना वारा गाळून घ्यावा लागतो ही कल्पनाच सुचणे कठीण. दूध गाळावे, चहा गाळावा, औषधाचे चूर्ण वस्त्रगाळ करावे, पण वारा? तरीही आज विद्यार्थिमित्रांसाठी व त्यांच्या घरच्या वाचकांसाठी आम्ही वारा गाळण्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु एका लहान मुलाचा श्वास त्यात गुंतलेला असल्यामुळे आमच्या मनातून तो जाता जात नाही.

आमची थोरली बहीण न्यू जर्सी येथे राहते. तिच्या मुलाला लहानपणापासून दम्याचा विकार आहे. नातवाला एकदा डोळे भरून पाहावे अशी आईची इच्छा होती. म्हणून तिला सोबत करण्यासाठी आम्ही शाळेतून बिनपगारी रजा काढून २०२३ च्या मे महिन्यात तिकडे गेलो. त्या देशातील घरे थंडीसाठी बांधलेली असतात. खिडक्या घट्ट बंद, आणि घरातील हवा एका यंत्रातून सदैव फिरती. तळघरातील पंखा सर्व खोल्यांतील हवा परतीच्या नळातून ओढून घेतो. हिवाळ्यात ती भट्टीवरून, तर उन्हाळ्यात थंड नळ्यांच्या वेटोळ्यावरून नेतो आणि पत्र्याच्या दुसऱ्या नळांवाटे पुन्हा खोल्याखोल्यांत पोहोचवितो. या वाटेवर यंत्राच्या तोंडाशी एक चपटी चौकट सरकवलेली असते. तिलाच फिल्टर, म्हणजे वाऱ्याची गाळणी, म्हणतात. मुळात ही गाळणी माणसांसाठी नव्हती. पंखा व नळ्या धुळीने भरू नयेत एवढ्यासाठीच ती योजिलेली होती. माणसांच्या फुप्फुसांची काळजी तिच्यावर पुढे सोपविण्यात आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅनडातील क्वेबेक प्रांतात पेटलेल्या वणव्यांचा धूर शेकडो मैल दक्षिणेकडे आला. ७ जून रोजी न्यू यॉर्कचे आकाश नारिंगी झाले; दुपारचा सूर्य पळसाच्या फुलासारखा दिसू लागला. चैत्रात आमच्याकडे डोंगरउतारावर वणवा लागला म्हणजे जसा वास सुटतो, तोच वास ताईच्या अंगणात भरून राहिला होता. दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी भाच्याची छाती वाजू लागली. आई रात्रभर त्याच्या उशाशी बसून राही. भावोजी घाईघाईने बाजारात गेले आणि दुकानातील सर्वांत मोठ्या आकड्याची गाळणी घेऊन आले. मुलाचा बाप दुसरे काय करणार?

हे आकडे काय असतात ते सांगितले पाहिजे. अमेरिकेतील शीतन व तापन अभियंत्यांच्या संस्थेने गाळण्यांची प्रतवारी ठरविली आहे. तिला मर्व्ह म्हणतात आणि तिचे आकडे १ पासून १६ पर्यंत असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर धुराचे बहुतेक कण १ मायक्रॉनहूनही लहान असतात. मर्व्ह ८ ची गाळणी ३ ते १० मायक्रॉनांच्या कणांपैकी किमान ७० टक्के धरते. पण १ मायक्रॉनहून लहान कणांबद्दल तिची काहीच हमी नसते. मर्व्ह १३ ची गाळणी ०.३ ते १ मायक्रॉनांचे निदान अर्धे कण, १ ते ३ मायक्रॉनांचे ८५ टक्के आणि त्याहून मोठे ९० टक्के धरते. म्हणजे धुरासाठी १३ चा आकडा निवडणे हे योग्यच होते. अडचण होती ती चौकटीची. ती अवघी १ इंच जाड होती.

जून संपता संपता उकाडा वाढला आणि यंत्र शीतनाचे काम करू लागले. दोन दिवसांतच माडीवरच्या खोलीत वारा येईनासा झाला. जाळीपुढे हात धरला तर निव्वळ झुळूक लागे. यंत्र मात्र अहोरात्र घरघरत होते. तळघरात जाऊन पाहिले, तो थंड नळ्यांवर बर्फाचा जाड थर चढलेला! बाहेर घामाच्या धारा आणि आत बर्फ, हे पाहून आई थक्क झाली.

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. त्याने प्रथम शीतन बंद करून केवळ पंखा चालू ठेवला. काही तासांत बर्फ वितळला. मग नळांना दोन लहान छिद्रे पाडून त्याने हवेचा दाब मोजला. यंत्राच्या पाटीवर लिहिले होते की पंख्याला पाण्याच्या स्तंभाच्या ०.५ इंचाएवढा विरोध सोसेल. प्रत्यक्षात तो ०.९ भरला. तीन आठवड्यांचा धूर पिऊन दाट गाळणी आणखी दाट झाली होती. नळ्यांवरून पुरेशी ऊबदार हवा गेली नाही म्हणजे त्या गोठणबिंदूखाली उतरतात. हवेतील बाष्प त्यांवर गोठते, आणि तो बर्फ उरलीसुरली वाटही बुजवितो. हिवाळ्यात याच्या नेमके उलट घडते: भट्टीची उष्णता वाहून नेण्यास हवा अपुरी पडते, भट्टी अति तापते आणि सुरक्षेची कळ तिला वारंवार बंद पाडते. शिवाय, हवा फिरलीच नाही तर गाळली तरी कशी जाणार? माडीवरच्या ज्या मुलासाठी ती गाळणी आणली, त्याच्याच खोलीत गाळलेली हवा पोहोचत नव्हती.

हे सारे आम्ही आईला कोकणीतून समजावीत होतो. तिने मध्येच आम्हांला थांबविले व म्हणाली, "फडकें दाट जालें जाल्यार रोस कसो गळटलो गो, ताई?" नारळाचा रस गाळताना फडके जाड असेल तर लहान वाटीवर ताणून चालत नाही, मोठ्या तोंडाच्या भांड्यावर ते पसरावे लागते. कारागिराने आकड्यांनी जे सांगितले, तेच आईने फडक्याने सांगितले होते.

विद्यार्थिमित्रहो, येथे थोडे गणित करा. ताईचे यंत्र ३ टनांचे होते. शीतनासाठी दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. म्हणजे एकूण १२०० घनफूट. तिची चौकट १६ इंच रुंद व २५ इंच लांब, म्हणजे ४०० चौरस इंच, किंवा सुमारे २.८ चौरस फूट. १२०० ला २.८ ने भागले म्हणजे हवेला गाळणीतून मिनिटाला सुमारे ४३० फूट वेगाने घुसावे लागते. क्षेत्र दुप्पट केले की वेग निम्मा होतो आणि विरोधही उतरतो. ४ इंच जाडीच्या गाळणीचे रहस्य हेच: तिच्यातील कागद अधिक नसतो दाट, तर तो खोल घड्या घालून बसविलेला असल्यामुळे अधिक असतो विस्तीर्ण. आकडा तोच १३. परंतु वाट मोकळी.

अशी जाड गाळणी बसविण्यासाठी पत्र्याचे नवे काम करावे लागणार होते आणि त्याला खर्चही होता. तोवर काय करावे? कारागिराच्या सल्ल्याने जुन्या चौकटीत मर्व्ह ८ ची साधी गाळणी घातली. तेवढ्याने यंत्राचा श्वास मोकळा झाला. आणि भाच्याच्या श्वासासाठी आम्ही घरातच एक पेटी केली. २०२० साली, करोनाच्या साथीत, रिचर्ड कोर्सी व जिम रोझेन्थल या दोघांनी ही युक्ती प्रचारात आणली. २० इंची चौरस अशा मर्व्ह १३ च्या चार गाळण्या चार भिंतींप्रमाणे उभ्या कराव्यात, खाली पुठ्ठा लावावा, वर साधा चौकोनी पंखा ठेवावा आणि सर्व सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. पंखा चहूंकडून हवा आत ओढतो आणि गाळलेली हवा वर सोडतो. गाळण्यांवरील बाण आतल्या बाजूस का ठेवायचे, हे भाच्यानेच आम्हांला नीट समजावून दिले. कारण चिकटपट्टी लावण्याचे सर्व काम त्याने केले होते. चार गाळण्यांचे मिळून १६०० चौरस इंच होतात. म्हणूनच एवढासा पंखाही दमत नाही. त्या महिन्यात धूर पुन्हा आला, तेव्हा ती पेटी त्याच्या खाटेजवळ रात्रभर चालली. आईही त्या रात्री झोपली. पुढे शरदऋतूत ताईने ४ इंची चौकट बसवून घेतली.

या अनुभवातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. गाळणी घेताना केवळ आकडा पाहू नये. आपल्या यंत्राच्या पंख्याला किती विरोध सोसतो, चौकट किती मोठी व किती जाड आहे, हे आधी पाहावे. माप तंतोतंत असावे; बाजूला फट राहिली तर हवा तेथूनच निसटते. बाण पंख्याच्या दिशेस असावा. गाळणी दर महिन्यास तपासावी आणि मळली की बदलावी. साध्या गाळणीने कण अडतात, वायू अडत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. आणि पंखा चालू असेल तेव्हाच गाळणी काम करते.

आपल्याकडे घरोघरी भिंतीवरची शीतनयंत्रे आली आहेत. त्यांच्या झाकणामागे बारीक जाळी असते. उन्हाळ्यात दर पंधरवड्यास ती काढून पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी आणि मगच परत बसवावी. हे काम आठवीतील मुलगाही करू शकेल. जाळी मळली म्हणजे येथेही नळ्यांवर बर्फ धरतो आणि तो वितळून भिंतीवर पाणी ओघळते. धूळ अडावी म्हणून जाळीवर जाड कापड लावण्याची युक्ती कोणी सांगितली, तर तिच्या मोहात पडू नये. दम्याचे माणूस घरी असेल तर त्याच्या खोलीपुरते वेगळे हवाशुद्धीचे यंत्र ठेवणे अधिक बरे.

शिक्षकाच्या सवयीप्रमाणे शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गाळणे आणि अडवणे यांत फरक आहे. गाळणारा जे जायला हवे ते जाऊ देतो आणि नको तेवढेच धरून ठेवतो. अडवणारा दोन्ही थांबवितो. मुलांच्या काळजीने आपण घरात आणि शाळेत जे नियम करतो, त्यांची फडकीही अधूनमधून उजेडात धरून पाहावीत. ती पुरेशी मोठी आहेत ना, आणि वेळेवर धुतलेली आहेत ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. अस्तु.