तीन जमिनींचं वावर

माझं माहेर गेवराई तालुक्यातलं, गंगथडीचं. तिथं उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जायचा, तरी तळ लागायचा नाही. माती म्हणजे खोलच असते, असं मी धरून चालले होते. लग्न होऊन मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूरला आले आणि पहिल्याच मृगात माळाच्या कडेला खुरपं खुपसलं, तर वीतभर खाली ते खणकन वाजलं. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मुरूम हाय गं. आपल्या घाटावर माती हातानं मोजावी लागती."

आमचं वावर सहा एकराचं. सातबाऱ्यावर गट एकच, पण माळापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलं की पायाखाली तीन जमिनी बदलतात. वर मुरमाड बरड, मधे हात-दीड हात खोलीची मध्यम काळी आणि ओढ्याकाठी खोल काळी. तिथं विहीर खोदताना पुरुषभर नुसती माती निघाली होती. तिघींची आई एकच, बालाघाटचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, तो पाषाण झिजून ही माती झाली. वरची माती पावसानं धुऊन खाली नेली. म्हणून ओढ्याकाठच्या ज्वारीचं भरलेलं कणीस पाहिलं की मला माळच आठवतो. ते त्याच्याच अंगावरचं आहे.

आत्याबाईंनी मला शिकवलेली मोठी विद्या म्हणजे वाफसा ओळखणं. चार बोटं खालची माती मुठीत दाबायची, गोळा करायचा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून चपटा झाला तर ओल जास्त. गोळा वळलाच नाही तर उशीर झाला. पडून मोकळा फुटला की वाफसा. चांगल्या पावसानंतर बरडाला वाफसा दुसऱ्या दिवशी येतो, मधल्या पट्ट्याला तिसऱ्या-चौथ्या, आणि ओढ्याकाठी कधी सहा दिवस लागतात. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आवळते. फुगलेली असताना औत घातलं तर ढेकळं विटेसारखी वाळतात. मग वर्षभर ती फुटत नाहीत. आवळल्यावर घातलं तर फाळ वर उचलतो. मधे सापडतात ते दीड-दोन दिवस. बैल होते तेव्हा हे जमायचं. आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो आणि सारं वावर एका दमात उरकायचं म्हणतो. मी त्याला जमीन पाहून वेगवेगळ्या दिवशी बोलावते. पैसे जास्त जातात, ते मला मान्य आहे.

चूकही माझ्या हातून मोठी झाली. मधल्या पट्ट्यात सोयाबीन पेरलं होतं. महिन्याभरात एक चकंदळ पिवळं पडलं. मी नत्र कमी पडलं असं समजून युरिया टाकला, पिवळेपणा वाढतच गेला. वाकून पानं नीट पाहिली असती तर कळलं असतं. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. इथं शेंड्याची कोवळी पानं पिवळी होती आणि शिरा हिरव्या. पुढं माती तपासायला प्रयोगशाळेत नेली, तेव्हा तिथल्या मुलीनं चिमूटभर मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले आणि माती फसफसली. चुनखडी! लोह जमिनीत होतं, पण चुनखडी ते मुळांना मिळू देत नव्हती. आता त्या तुकड्याला मी शेणखत जास्त घालते आणि शेंडा पिवळसर दिसला की लोहासाठी हिराकस फवारते, अर्ध्या टक्क्याचीच. जास्त झाली तर पानं करपतात.

तेव्हापासून नमुने तिन्ही जमिनींचे वेगळे घेते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. उकिरडा, बांध, झाडाखालची जागा टाळायची. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या, ते चांगलंच झालं. पण पूर्वी आम्ही साऱ्या वावराची माती एका पिशवीत कालवून द्यायचो. मग कागदावर चौथीच जमीन यायची, जी आमच्या वावरात कुठंच नाही.

तिन्ही कागदांवर एक गोष्ट मात्र सारखी असते: पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली. धसकटं पेटवणं आम्ही त्यामुळंच सोडलं.

माळावर मी आता पेरत नाही. तिथं सीताफळं आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडं त्याच्या कितीतरी आधीपासून या मुरमाच्या फटींत मुळं घालून उभी आहेत. ओढ्याकाठी हस्तात पेरलेली ज्वारी साठल्या ओलीवर निघते. फक्त भेगा पडायच्या आत कोळपं फिरलं पाहिजे, म्हणजे त्या बुजतात आणि मुळं तुटत नाहीत.

परवाच्या पावसानंतर काल सांजेला सून खालच्या वावरातून मुठीत माती घेऊनच घरी आली. ओसरीवर उभं राहून तिनं गोळा कंबरेपासून सोडला. तो चपटा झाला. "अजून दोन दिवस," ती म्हणाली आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.