नुसतं बोलून काय होणार?

“गोळ्या देताय त्या ठीक आहेत डॉक्टर, पण नुसतं बोलून काय होणार?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. विचारणारे बहुधा रुग्णाचे वडील किंवा सासरे असतात. तरुण मुलंमुली मात्र मोबाइलवर भरपूर वाचून येतात आणि वेगळंच विचारतात, “मला सीबीटी बरी की ईएमडीआर?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मानसोपचारावर संशोधन करणारे लोकही हेच दोन प्रश्न घेऊन गेली सत्तरहून जास्त वर्षं वाद घालताहेत. बोलण्याचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर कोणत्या पद्धतीच्या बोलण्याचा? हा वाद थोडक्यात समजून घ्या. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा वेळ, पैसा आणि मुख्य म्हणजे उमेद त्यावर अवलंबून असते.

उपयोग होतो का?

१९५२ साली हान्स आयझेंक या लंडनमधल्या मानसशास्त्रज्ञाने एक खळबळजनक लेख लिहिला. चिंता, भीती अशा तक्रारी असलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोक दोन वर्षांत आपोआपच सुधारतात, मग मानसोपचार घेवोत वा न घेवोत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने तुलनेला घेतलेले गट एकसारखे नव्हते, म्हणून टीका खूप झाली. पण त्याचा एक मोठा फायदा झाला. ‘आमच्या रुग्णांना बरं वाटतं’ एवढं सांगून भागेना, उपचार घेणारे आणि न घेणारे यांची नीट तुलना करणं भाग पडलं.

१९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी अशा सुमारे ३७५ अभ्यासांची एकत्र गणितं मांडली. मानसोपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत होता. पुढे अभ्यासांच्या पद्धती कडक झाल्या आणि हा आकडा थोडा खालीही आला, पण उत्तर बदललं नाही. उपयोग होतो. सगळ्यांना होतो असं नाही, पण होतो.

मग कोणती पद्धत चांगली?

इथे खरा वाद सुरू होतो. सॉल रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच म्हटलं होतं, की निरनिराळ्या पद्धतींमध्ये काहीतरी समान असावं आणि गुण त्याचाच येत असावा. त्यासाठी त्याने ‘ॲलिस इन वंडरलँड’मधला डोडो पक्षी आठवला. शर्यत संपल्यावर हा डोडो सगळ्यांनाच विजेते ठरवतो! तेव्हापासून या मताला ‘डोडोचा निकाल’ असं गमतीदार नाव पडलं आहे.

समान काय असतं? तुमचं ऐकून घेणारा, विश्वास वाटावा असा माणूस, त्रासाचं पटणारं स्पष्टीकरण, आणि दोघांनी मिळून ठरवलेली दिशा. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातलं हे नातं जितकं चांगलं, तितका गुण जास्त, असं शेकडो अभ्यासांत दिसलं आहे. मात्र हा संबंध मध्यम ताकदीचा आहे. नातं हवंच, पण सगळं काही नात्यावर होत नाही.

हे मला एका रुग्णामुळे फार स्पष्ट दिसलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या बाईंना ओसीडी, म्हणजे मंत्रचळ होता. रोजचे तीन-चार तास हात धुण्यात आणि ओटा पुसण्यात जायचे. दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुतल्याशिवाय घरात येत नसे. दीड वर्ष त्या दर आठवड्याला एका समुपदेशक ताईंकडे जात होत्या. “ताई फार चांगल्या आहेत, सगळं ऐकून घेतात, काही होणार नाही म्हणून धीर देतात,” असं त्या मनापासून सांगत. पण हात धुणं वाढतच गेलं होतं. ओसीडीमध्ये ‘काही होणार नाही ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारून धीर मागणं हा आजाराचाच भाग असतो. धीर मिळाला की दहा मिनिटं बरं वाटतं आणि शंका नव्या जोमाने परत येते.

या आजारावर एक ठरावीक पद्धत आहे. व्हिक्टर मायर याने १९६६ मध्ये तिची पहिली यशस्वी उदाहरणं प्रसिद्ध केली. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. बाईंनी न धुतलेली पिशवी हातात घ्यायची आणि हात न धुता बसून राहायचं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर. घालमेल वाढते, पण काही वेळाने बहुधा ती आपणच ओसरू लागते, आणि न धुताही काही बिघडत नाही हे मेंदू अनुभवाने शिकतो. औषधं आणि ही पद्धत, दोन्ही सुरू केल्यावर पाच-सहा महिन्यांत त्यांचे तीन-चार तास अर्ध्या-पाऊण तासावर आले.

म्हणजे डोडोचा निकाल सगळीकडे लागू करता येत नाही. नैराश्यात अनेक पद्धती जवळपास सारखाच गुण देतात. मंत्रचळ, विशिष्ट गोष्टीची भीती, भीतीचे झटके यांत मात्र पद्धत महत्त्वाची ठरते. आणि काही ‘बोलणं’ अपायही करू शकतं. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची प्रथा एके काळी जोरात होती. ब्रिटनमध्ये रस्ते अपघातातल्या जखमींचा तीन वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं, की सुरुवातीला जास्त त्रास असलेल्यांपैकी ज्यांची अशी बैठक झाली, ते त्रासातच राहिले. ज्यांची झाली नाही, ते सुधारले.

गोव्याने काय शिकवलं?

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने केलेला अभ्यास जगभर वाचला गेला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ बैठका दिल्या. बैठका घेणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, त्या छोट्या टप्प्यांनी पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

भारी पदवी किंवा इंग्रजी आद्याक्षरांपेक्षा नेमकी पद्धत, आपलं वाटणारं माणूस आणि कामावर देखरेख यांनी किती साधतं ते इथे दिसतं. हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण देत असत. पण दुसरी बाजूही पाहा, शंभरातले ३६ लोक तेवढ्यात बाहेर आले नाहीत. त्यांना पुढचं काही हवं होतं.

असे लोक ओळखायचे कसे? नुसत्या अंदाजाने नाही. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात मानसोपचार करणाऱ्यांना, तुमच्या ५५० जणांपैकी कोणाची अवस्था बिघडेल, असं विचारलं. त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. म्हणून अधूनमधून मोजायला हवं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली असते, गुण ० ते २७. तिच्यासाठी पाच मिनिटं पुरतात.

तुम्ही काय विचारायचं?

पहिल्या एक-दोन भेटींत मोकळेपणाने विचारा. माझा त्रास नेमका काय आहे? त्यावर कोणती पद्धत वापरणार? साधारण किती बैठका लागतील? सुधारणा कशी मोजायची? तुमचं शिक्षण कुठलं? (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते.) चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

दोन बैठकांत फरक नाही म्हणून सोडू नका. पण सहा-आठ बैठकांनंतरही काहीच हललं नसेल, तर तेही त्यांना सांगा. पद्धत बदलता येते, माणूस बदलता येतो, औषधांची जोड देता येते. ‘मलाच काही होत नाही, मीच असा’ हा निष्कर्ष तेवढा काढू नका. तो निष्कर्ष बऱ्याचदा आजारच काढत असतो.

चालू असलेली औषधं मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. घरातल्या माणसाला लगेच सांगा, जवळच्या रुग्णालयात जा, किंवा टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.