घर पाहावें रिकामें करून

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील सांगून गेले. या दोन कामांत माणसाची किती दमछाक होते, तें भोगूनच त्यांनीं ही म्हण केली असली पाहिजे. एक तिसरें काम मात्र त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. आणि त्याबद्दल त्यांना दोष देतां यावयाचा नाहीं. त्यांच्या काळीं घर कधीं रिकामें होतच नसे. एक पिढी माजघरांतून ओसरीवर येऊन बसे, तोंवर दुसरी माजघरांत शिरलेली असे. माणसें बदलत, भांडींकुंडीं जागच्या जागीं राहत. आमच्या पिढीनेंही भांडीं जागच्या जागींच ठेविलीं. पण माणसें गेलीं, त्यांच्या जागीं कोणी आलें नाहीं. म्हणून त्या जुन्या म्हणीला मी आतां स्वानुभवानें एक शेपूट जोडतों: घर पाहावें रिकामें करून.

सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहाद्याहून तोरणमाळाकडे जाणाऱ्या वाटेवर म्हसावद हें आमचें गांव. पूर्वीं तें पश्चिम खानदेशांत होतें, पुढें धुळें जिल्ह्यांत मोडूं लागलें, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे. जिल्ह्यांचीं नांवें बदललीं, तरी आमचें पांच खणांचें धाब्याचें घर होतें तेथेंच होतें. वडील वारल्यावर आई माझ्याकडे धुळ्यास आली. धाकटा भाऊ सुरतेस, बहीण नाशकास. चार वर्षें घराला कुलूप राहिलें. दरसाल पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर मातीचा नवा थर देणारें कोणी उरलें नाहीं. तिसऱ्या पावसाळ्यांत मागल्या खणावरचें धाबें खचलें, आणि घर विकण्याचें ठरलें. घेणारानें अट घातली कीं, आखाजीच्या आंत घर रिकामें करून मिळावें. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरत्र तो सोनें खरेदी करण्याचा मुहूर्त असेल. खानदेशांत ती माहेरीं आलेल्या लेकींची दिवाळी आहे. त्या सणाच्या आधीं लेकींचें माहेर रिकामें करावयाचें, यांतलें वैगुण्य त्या वेळीं माझ्या लक्षांत आलें नाहीं. माझ्या लक्षांत होता तो फक्त खर्च.

शहाद्याचा एक ठेकेदार घर पाहावयास आला. माझी कल्पना अशी कीं, तो आंत शिरेल, खोल्या मोजील आणि एक आंकडा सांगेल. गृहस्थ उंबऱ्यापर्यंत आला आणि तसाच मागें वळून, पावलें मोजीत, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. "बासष्ट," परत येऊन तो म्हणाला. "सर, ट्रॅक्टर तिथपर्यंतच येईल. पुढचं सारं डोक्यावरून." बासष्ट पावलें जाण्याचीं आणि बासष्ट येण्याचीं, खेपा तीनशें धरल्या तर सदतीस हजारांहून अधिक पावलें. हा गुणाकार त्यानें तोंडींच केला. ज्या बोळांतून लहानपणीं मी एका दमांत धांवत जाई, त्या बोळालाही कोणी भाव लावूं शकतो हें मला त्या दिवशीं कळलें.

त्याचा दुसरा प्रश्न होता, "लाकूड कोणाचं?" घर लाकडासकट विकलें आहे असें मी सांगतांच त्याचा अर्धा उत्साह मावळला. खानदेशांतल्या जुन्या घरांत खरें धन असतें तें खांबांत आणि तुळयांत. सातपुड्याचें तें जुनें सागवान आजही घनफुटावर विकलें जातें, आणि तें ठेकेदाराच्या वांट्याला येणार असेल तर घर रिकामें करण्याचे पैसे तो मागत नाहीं, उलट तोच देतो. आमच्या घरांत ओझ्याची भरपाई करणारें जें एक होतें, तें आधींच दुसऱ्याचें झालेलें होतें.

मग तो आंत आला. त्यानें पाहिलें तें मीं कधींच पाहिलें नव्हतें. मला दिसत होता आजोबांचा माळा. त्याला दिसत होती अकरा पायऱ्यांची उभी शिडी, जिच्यावरून दोन माणसांवांचून एकही पेटारा उतरणार नव्हता. मला दिसत होतें आईचें जातें. त्याला दिसत होता एक असा दगड, कीं जो उचलावयास मजुरी पडते आणि विकावयास म्हसावदांत गिऱ्हाईक नाहीं. वजनाला जड आणि किमतीला हलकें असें जें जें असेल, तें तें त्याचें वैरी. खचलेल्या धाब्याची माती कणग्यांवर, तिफणीवर, वखराच्या सांगाड्यावर बसली होती. ती आधीं उपसल्याखेरीज सामान वेगळें करतां येणार नव्हतें. आणि कोपऱ्यांत कपाशीवर फवारण्याच्या विषाचे सात-आठ अर्धवट डबे होते. त्यांना तो हात लावीना. "हें माझ्या माणसांच्या डोक्यावर द्यायचं नाहीं," तो म्हणाला, "आणि नाल्यांत फेकायचं नाहीं. याची सोय तुमची तुम्हीं करा." त्याच्या सगळ्या हिशेबांत मला मनापासून आवडलेलें वाक्य तें हेंच.

मोसमाचाही भाव असतो. दिवाळीनंतर सातपुड्यांतले मजूर ऊसतोडीला आणि कामधंद्यासाठीं गुजराथेंत जातात. होळीला ते आपापल्या पाड्यांवर परततात. होळीपासून मृगापर्यंत काय ते दिवस मोकळे. आणि नेमक्या त्याच दिवसांत साऱ्या तालुक्याला घरें पाडावयाचीं असतात, घरें बांधावयाचीं असतात आणि लग्नें उरकावयाचीं असतात. आम्हीं आखाजीची मुदत मान्य केली, तेव्हां महागांतला महाग महिना आम्हीं स्वतःच निवडला होता.

शेवटीं, ओसरीवर बसून चहा घेतांना, त्यानें सहज विचारलें, "वारस किती?" मला वाटलें, हा गृहस्थ आमच्या खाजगी गोष्टींत शिरतो आहे. "तिघं," मीं जरा तुटकपणें म्हटलें. त्यानें मान डोलावली आणि मनांतल्या मनांत आंकड्यांत कांहीं तरी मिळविलें. एकंदर काम २०,००० रुपयांचें. त्यांतून भांडीं, लोखंड, पलंग, कपाटें यांचे ९,००० वजा. म्हणजे आम्हीं ११,००० द्यावयाचे. काम उक्तें, पण तीन दिवसांचें. चौथा दिवस लागला तर मजुरी रोजंदारीनें वेगळी. आणि तिसऱ्या दिवशीं सूर्य मावळतांना घरांत जें असेल तें त्याचें.

वारसांची किंमत लगेच दिसूं लागली. भाऊ आला, बहीण आली. तांब्यापितळेची भांडीं आईच्या हातचीं म्हणून बहिणीनें बाजूस काढलीं. शिसवी पलंग भावानें मागितला. वडिलांचें कपाट मला हवें होतें. तिघांचेंही बरोबरच होतें. पण ठेकेदारानें शांतपणें आंकडा ११,००० वरून १६,५०० वर नेला. मी रागावलों. तो म्हणाला, "सर, लोणी तुम्ही काढून घेतलंत, ताक वाहून न्यायचे पैसे नको का?" इंग्रजी वाङ्मय तीस वर्षें शिकवूनही या प्रश्नाला मला उत्तर सुचलें नाहीं.

तीन दिवसांचे चार झाले ते ओझ्यामुळें नव्हे. पांच मजूर तासन् तास हातावर हात ठेवून उभे असत आणि आम्ही तिघें एखाद्या ट्रंकेभोवतीं बसून राहत असूं. ही शाल कोणाची? हीं पत्रें ठेवावयाचीं कीं जाळावयाचीं? सातबाऱ्याच्या या उताऱ्याचा कांहीं उपयोग आहे काय? ठेकेदार दारांत टेकून म्हणाला, "तुमच्या घरांत सामान फार नाहीं, सर. 'असूं दे' फार आहे." मीं माळ्याकडे पाहिलें आणि मला तें पटलें. तेथली एकूणएक वस्तु म्हणजे कोणी तरी, केव्हां तरी उच्चारलेलें एक 'असूं दे' होतें. फुटकी मोट असूं दे, कांच गेलेला कंदील असूं दे, माझ्या बी. ए. च्या वह्या असूं देत. पन्नास वर्षें निर्णय टाळीत आलों, त्या साऱ्या टाळलेल्या निर्णयांचें देणें एका आठवड्यांत व्याजासह चुकवावें लागलें. घर रिकामें करण्याच्या खर्चांत उचलण्याचे पैसे थोडे असतात. ठरविण्याचे पैसे फार. चौथ्या दिवसाची पांच माणसांची मजुरी ३,००० झाली आणि आंकडा १९,५०० वर जाऊन थांबला.

विलायतेंत या कामाच्या पेढ्याच असतात. गाडी पाव भरली कीं अर्धी, यावर त्यांचे दर ठरतात. आणि १९९६ पासून तेथें कचरा जमिनींत पुरण्यावरच सरकारनें कर बसविला असल्यामुळें, निरुपयोगी वस्तु टाकणें हीच तेथें महागडी गोष्ट झाली आहे. जपानांत २००१ पासून जुना दूरचित्रवाणी संच किंवा शीतकपाट टाकणारालाच त्याच्या विल्हेवाटीचे पैसे भरावे लागतात. आपल्याकडे तीच वस्तु भंगारवाला पैसे देऊन नेतो. आपल्याकडे माणसाची मेहनत स्वस्त आणि वस्तु महाग; तिकडे उलट. त्यांत मोठेंसें भूषण नाहीं. पण आपल्या जुन्या गृहिणींनीं या व्यवहाराला एक सुरेख वळण दिलें होतें. दर दोन-चार महिन्यांनीं बोहारीण दारांत येऊन बसे, आणि दोन जुन्या लुगड्यांवर एक पातेलें मिळविण्यासाठीं आई तिच्याशीं तासभर हुज्जत घाली. त्या तासांत घराचा एक कोपरा रिकामा होई. निर्णय रोजचा रोज होत असे, आणि त्याचे पैसे पडण्याऐवजीं पातेलें पदरीं पडे. ती बोहारीण यावयाची थांबली, आणि माझ्या मतें आमचा माळा तेव्हांपासून भरूं लागला.

मजुरांत माझ्याच वयाचे एक पावरा गृहस्थ होते. चौथ्या दिवशीं दुपारीं, माजघर जवळजवळ मोकळें झाल्यावर, ते एका खांबापाशीं थांबले. खांबाच्या अंगावर जुन्या सुतारानें कोरलेली जोडाची खूण होती. एक उभी रेघ, दोन आडव्या. त्यांनीं तिच्यावरून बोट फिरविलें आणि म्हणाले, "आमच्या घरालाही अशा खुणा घातल्या होत्या." त्यांचें गांव अक्राणी तालुक्यांत, नर्मदेच्या कांठीं. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतलीं जीं ३३ गांवें आलीं, त्यांतलें एक. घर खुणा घालून उतरविलें, खांब तळोदे तालुक्यांतल्या वसाहतींत आणले आणि खुणा जुळवून पुन्हां उभे केले. तेथें घर रिकामें करण्याचा भाव ठेकेदारानें ठरविला नव्हता. तो नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यांतून आला होता. बुडणाऱ्या जमिनीबद्दल किती जमीन द्यावी, हें त्यांत सांगितलें होतें. वयांत आलेला मुलगा वेगळें कुटुंब समजावा, असेंही होतें. म्हणजे 'वारस किती' हा प्रश्न तेथेंही विचारला गेला होता. "सगळं आणतां आलं का?" मीं विचारलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. "लाकूड आलं," ते म्हणाले. "चूल कशी येणार?" आणि त्यांनीं पाटी डोक्यावर घेतली.

चूल हा शब्द कानीं पडला आणि मी जागच्या जागीं उभा राहिलों. धुळ्याहून निघतांना आईनें मला एकच गोष्ट सांगितली होती. "बाकी कांहीं नको रे. माझं खापर तेवढं आण." खापर म्हणजे चुलीवर पालथें घालावयाचें मातीचें पसरट भांडें. हातांवर फिरवून, कोपरापर्यंत मोठी केलेली पुरणपोळी त्यावर टाकतात. लोखंडाच्या तव्यावर ती होत नाहीं. वर्षानुवर्षें आंच खाऊन आईचें खापर काळेंभोर आणि गुळगुळीत झालें होतें. मीं 'हो' म्हटलें होतें, आणि तांबें, पितळ, पलंग, कपाट यांच्या वांटणींत विसरून गेलों होतों. बहिणीलाही मीं सांगितलें नव्हतें. माळ्यावर चढलों. जेथें गवतांत गुंडाळलेली टोपली असावयाची, तेथें मातीवर तिचा गोल ठसा तेवढा होता. गल्लीच्या तोंडाशीं धांवत गेलों. आदल्या रात्रींच ती खेप गेली होती. करार उक्ता होता. टोपली त्याची झाली होती. आणि त्याच्या दृष्टीनें तिच्यांत एक मातीचें भांडें होतें, ज्याला वजनही नव्हतें आणि भावही नव्हता. ठेकेदार भला माणूस. तो मला घेऊन माती टाकली होती तेथें आला. चार तुकडे सांपडले.

दोष कोणाला देऊं? भाषेनें तर या प्रसंगासाठीं वाक्प्रचारच तयार ठेवला आहे. पण तें खापर फोडावयास माझ्या डोक्याखेरीज दुसरें डोकें मला दिसेना. माणसाला ज्याचा भाव ठरवितां येतो, तें तो मोजून, भांडून, वांटून घेतो. ज्याला भाव नाहीं, तें विसरण्याच्या ढिगांत जातें. ठेकेदाराच्या कागदावर बासष्ट पावलांचे पैसे होते, अकरा पायऱ्यांचे होते, चौथ्या दिवसाचे होते. खापराचे नव्हते. मीं १९,५०० रुपये मोजून दिले आणि ते चार तुकडे रुमालांत बांधून घेतले.

आईला मीं खोटें सांगितलें नाहीं. तिनें रुमाल सोडला, तुकडे एकमेकांना लावून पाहिले आणि पुन्हां बांधून ठेवले. कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं कुंभाराकडून नवें खापर आणलें. आखाजीला बहीण आली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर तीन विटा मांडल्या, लांकडें पेटवलीं, आणि ब्याऐंशीं वर्षांच्या आईनें पोळी हातांवर घेतली. पहिली पोळी खापराला चिकटली आणि फाटली. दुसरीही. मी खालीं मान घालून बसलों होतों. आईनें फाटलेला तुकडा माझ्या ताटांत घातला.

"नवं आहे," ती म्हणाली. "चार आखाज्या जाऊं देत, मग येईल हाताला."