मामूंची राखीव जागा

२०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. आम्ही भिवंडी शहरातले, आमचं मत भिवंडी पश्चिममध्ये. सकाळीच मत देऊन मी पडघ्याला मामूंकडे गेले. मामू बोटावरची शाई दाखवत म्हणाले, "दिलं बेटा. पण इथे आपला माणूस कधी उभा राहणार? सरपंचपदाचं आरक्षण तरी बदलतं. या जागेची सोडत निघतच नाही."

मामूंचा मतदारसंघ भिवंडी ग्रामीण, अनुसूचित जमातींसाठी राखीव. विधानसभेच्या राखीव जागांसाठी सोडत नसते, हे आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही मला समजावून सांगावं लागतं. जिथे आदिवासींचं लोकसंख्येतलं प्रमाण जास्त, त्या जागा राखीव होतात आणि पुढची पुनर्रचना होईपर्यंत तशाच राहतात. २००८ ची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. तेव्हा राज्यात जमातींच्या जागा २२ वरून २५ झाल्या. जुना राखीव वाडा मतदारसंघ मोडला, वाडा तालुका वाटला गेला आणि त्याचा काही भाग भिवंडीच्या खेड्यांना जोडून भिवंडी ग्रामीण तयार झाला.

इतिहास तसा छोटा आहे. २००९ मध्ये वाड्याचे जुने आमदार, भाजपचे विष्णू सवरा इथून निवडून आले. २०१४ ला ते विक्रमगडला गेले, तिथून जिंकून आदिवासी विकास मंत्री झाले. इथे शिवसेनेचे शांताराम मोरे आले ते आजपर्यंत आहेत. २०१४, २०१९, २०२४, तीन वेळा. मधे पक्ष फुटला, ते शिंदे यांच्याबरोबर राहिले, आणि २०२४ ला समोर मशाल असूनही मोठ्या फरकाने जिंकले.

मामूंच्या तक्रारीत अर्धी चूक आहे. राखीव जागेवर मुसलमान उभाच राहू शकत नाही, हे अनुसूचित जातींच्या बाबतीत खरं. तिथे १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींना ती अट नाही. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपड्याकडचे तडवी भिल्ल बहुतेक मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. लक्षद्वीपची लोकसभेची जागा जमातींसाठी राखीव, तिथून पी. एम. सईद सलग दहा वेळा खासदार झाले. मामूंना हे सांगितलं तर म्हणाले, "ते तिकडे. आपण कोकणी मुसलमान, आपल्याला कोण आदिवासी म्हणणार?" म्हणजे प्रश्न धर्माचा नाही, हे त्यांनी आपसूकच मान्य केलं. मी वाद वाढवला नाही.

उरलेली अर्धी तक्रार मात्र मला पोचते. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की काही राज्यांत मुसलमान जास्त असलेल्या जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्या आहेत. पण ते इथे लागू करता येत नाही. वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी इथे आपल्या आधीपासून आहेत. शिवाय उमेदवार आदिवासी असला तरी मत सगळे देतात. आगरी, कुणबी, मामू, सगळे. त्याला तिकीट पक्षाकडून घ्यावं लागतं आणि मतं गावोगावच्या पुढाऱ्यांकडून. नुसत्या पाड्यांच्या जोरावर तो निवडून येत नाही.

त्या दिवशी मामूंच्या अंगणात भात अर्धंच झोडलेलं पडलं होतं. दरवर्षी येणारी कातकरी बाई या वेळी लवकर गेली होती. वीटभट्टीचा बयाणा घेतलेला, घरचे सगळे भट्टीवर, मुलंसुद्धा. मी मामींना विचारलं, तिचं मत? मामी म्हणाल्या, "मत पाड्यावर, ती भट्टीवर. एक दिवसाची मजुरी बुडवून, भाडं घालून कोण येईल?"

घरी आल्यावर मी जुन्या तारखा काढून पाहिल्या. २००९ चं मतदान १३ ऑक्टोबरला, २०१४ चं १५ ला, २०१९ चं २१ ला. तिन्ही वेळा दिवाळीच्या आधी, म्हणजे माणसं घरी असताना. २०२४ ला दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येऊन गेली होती. लोकसभेचं मतदान तर उन्हाळ्यातच असतं, ऐन भट्टीच्या हंगामात. जागा ज्यांच्यासाठी राखीव, त्यांच्यातलेच काही मतदानाला गावात नसतात. मामूंना निदान शाई तरी लागली.

आता पुढची पुनर्रचना नव्या जनगणनेनंतर होणार, आणि माणसं मोजायचं काम फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. परवा मामूंना फोनवर हे सांगितलं, तर ते आधी म्हणाले, "मग तेव्हा आपली जागा खुली होईल?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "फेब्रुवारीत? तेव्हा तर पाडे रिकामे असतात. मोजणार कुणाला?"

मी म्हटलं, भट्टीवर मोजतील, तिथे कुणी गेलं तर.